मृगाआधी अवजारांचा गंज: स्प्रेचा डबा कुठे मारावा, कुठे नाही

रोहिणी नक्षत्र लागले की वर्षभर कोपऱ्यात पडलेली अवजारे बाहेर निघतात आणि निम्मे नट जाम झालेले सापडतात. अशा वेळी डब्ल्यूडी-४० किंवा तशाच दुसऱ्या कंपनीचा गंज सोडवणारा स्प्रे कामाला येतो. हल्ली तो तालुक्याच्या हार्डवेअर दुकानातही मिळतो. मात्र हे वंगण आहे असे समजून तो दिसेल तिथे मारला जातो आणि नुकसान तिथूनच सुरू होते.

या डब्यात बहुतांश हलके पेट्रोलियम द्रावक असते, तेल थोडेच. द्रावक बारीक फटीत शिरते, पाणी बाजूला सारते, गंज सैल करते आणि उडून जाते. मागे उरतो तो तेलाचा पातळ थर. डब्ल्यूडी-४० मुळात १९५३ मध्ये अमेरिकेतील सॅन दिएगो येथे तयार झाले ते पाणी हटवून गंज टाळण्यासाठी, आणि ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्यावर वापरले गेले. फिरणाऱ्या, घासणाऱ्या, भार घेणाऱ्या भागाला हा थर पुरत नाही. म्हणून स्प्रेने भाग मोकळा व कोरडा करावा आणि त्यावर त्या जागेचे योग्य ग्रीस किंवा ऑईल द्यावे.

जाम नट सोडवताना

कल्टिव्हेटरचे फाळ, रोटाव्हेटरची पाती, नांगराची टोके यांचे बोल्ट माती आणि गंज मिळून घट्ट बसतात. आधी तारेच्या ब्रशने बाहेर दिसणारे आटे साफ करावेत. मातीवरच स्प्रे मारला तर तो माती पिते, आट्यांत जात नाही. मग डब्याची बारीक नळी नट आणि बोल्ट जिथे मिळतात तिथे टेकवून एक-दोन सेकंद सोडावे. नट भिजवून ओघळ काढण्याने काही साधत नाही. १५ ते २० मिनिटे थांबून नटाच्या सपाट बाजूंवर हातोडीने हलके ठोके द्यावेत, म्हणजे गंजाला तडे जातात आणि द्रावक आत उतरते. पाना लावल्यावर आधी किंचित आवळण्याच्या दिशेने हलवावे, मग उलट फिरवावे. न सुटल्यास पुन्हा मारून रात्रभर ठेवावे. पान्याला पाईप घालून जोर लावला की बोल्टचे डोके तुटते किंवा नटाचे कोपरे गोल होतात, आणि मग छिन्नी नाहीतर ग्राइंडर हाच मार्ग उरतो. स्प्रे ओला असताना गॅसच्या ज्योतीने नट तापवू नये. वाफ पेट घेते.

टॉपलिंकच्या, म्हणजे ट्रॅक्टर आणि अवजार जोडणाऱ्या वरच्या दांड्याच्या, एका टोकाचे आटे उलटे असतात हे विसरून तिच्याशी झटापट करणारे पुष्कळ. दोन्ही टोके पूर्ण बाहेर काढावीत, ब्रश व स्प्रेने साफ करून चिंधीने पुसावीत आणि ग्रीस लावून बसवावीत. रोटाव्हेटरच्या पात्यांचे बोल्ट परत बसवताना मात्र आटे पुसून कोरडे करावेत. ओल्या आट्यांवर तेवढ्याच जोराने बोल्ट जास्त ताणला जातो. पहिला तासभर चालवून सगळे बोल्ट पुन्हा आवळून पाहावेत.

ग्रीस निपल (ग्रीस भरायचे तोंड) बुजले असेल तर थोडा स्प्रे मारून, तोंडावरची घाण पुसून ग्रीसगन लावावी. बेअरिंगमध्ये, पीटीओ शाफ्टच्या (ट्रॅक्टरची ताकद अवजाराला देणाऱ्या दांड्याच्या) क्रॉस सांध्यामध्ये किंवा चाकाच्या हबमध्ये मात्र स्प्रे सोडू नये. द्रावक आतले ग्रीस धुऊन टाकते. आवाज दोन दिवस थांबतो आणि हंगामाच्या मधोमध बेअरिंग जाते. पेरणी यंत्राची साखळी स्प्रेने धुता येते, पण पुसून नंतर गिअर ऑईल द्यायलाच हवे.

जिथे स्प्रे मारू नये

पेरणी यंत्राच्या बियाणे पेटीत, बियाणे तबकडीवर किंवा नळ्यांत नको. तेलकट थराला बीजप्रक्रियेची पावडर आणि धूळ चिकटते, बी अडकते आणि ओळीत तुट्या पडतात. पेटी कोरडी पुसून घासणाऱ्या भागावर ग्राफाइट पावडर चोळावी. खताच्या पेटीला गंज जास्त लागतो, कारण युरिया आणि डीएपी हवेतला ओलावा धरतात. ती पाण्याने धुवावी, उन्हात पूर्ण वाळवावी आणि बाहेरून ऑईल लावावे.

पट्ट्यांवर कधीही नको. पट्टा किंचाळतो तो ढिला असल्यामुळे किंवा पुली झिजल्यामुळे. तेल लागले की घसरतो, फुगतो आणि तुटतो. ब्रेकजवळ तर नावही काढू नये. फवारणी पंपाचे रबरी वॉशर, ठिबकचे ग्रोमेट (नळी जोडण्याच्या भोकात बसणारी रबरी कडी), पाईपच्या रिंगा यांनाही नको. पेट्रोलियमने काही रबर फुगून मऊ पडते. ग्रोमेट बसत नसेल तर साबणाचे पाणी पुरे.

कडबाकुट्टीच्या पात्यांवर हा स्प्रे मारला तर तो वैरणीत जातो. तिथे गोडेतेल लावावे. जनावराच्या खुरावर, गोचिडीवर, जखमेवर किंवा माणसाच्या दुखऱ्या गुडघ्यावर तो चोळण्याचा प्रकारही सर्रास दिसतो. हे औषध नाही, कातडीला त्रास होतो.

मोटरच्या स्टार्टर पेटीत पावसाळ्यात दमट झाल्यावर स्प्रे मारून चालू करण्याची सवय घातक आहे. ठिणगी आणि वाफ एकत्र आली की भडका उडतो, आणि संपर्कांवर राहिलेल्या तेलावर धूळ-काजळी साचते. मेन स्विच बंद करून, टेस्टरने खात्री करून, पेटी उघडी ठेवून वाळवावी. लागलाच तर वीज संपर्क साफ करण्याचा वेगळा स्प्रे घ्यावा. पेटीची बिजागरी, कडी, बाहेरचे नट यांना आपला स्प्रे चालतो. बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा थर खाण्याचा सोडा व कोमट पाण्याने धुऊन, कोरडा करून व्हॅसलीन लावावे.

डाळिंबाची कात्री

मृग बहाराच्या (पावसाळ्याच्या तोंडावर धरल्या जाणाऱ्या बहराच्या) छाटणीत तेल्या हा जिवाणूजन्य रोग पसरू नये म्हणून कात्री प्रत्येक झाडानंतर १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवतात. ५ टक्क्यांचे द्रावण असेल तर १ लिटरला ४ लिटर पाणी घालावे आणि रोज ताजे करावे. हेच रसायन पोलादाला झपाट्याने गंजवते. म्हणून दिवस संपल्यावर कात्री भरपूर पाण्याने धुवावी, कोरडी पुसावी, मगच पाती आणि स्प्रिंगवर पातळ स्प्रे मारून ठेवावी. दुसऱ्या दिवशी साबणाने धुऊनच झाडावर लावावी.

फावड्याला, कुदळीला काळी माती चिकटू नये म्हणून पात्यावर फवारा मारतात. काही वेळ चालतो. चिखल घट्ट झाला की परत मारावे लागते आणि डबा परवडत नाही, त्यापेक्षा हाताशी लाकडी खरवड ठेवणे बरे. पेरणी संपल्यावर शेडमध्ये ठेवायच्या नांगराच्या चकाकत्या फाळावरही या स्प्रेवर विसंबू नये. पावसाळी हवेत पातळ थर फार काळ टिकत नाही, ग्रीसचा जाड हात द्यावा.

मे महिन्यात डबा ट्रॅक्टरच्या बोनेटवर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. ५० अंशांच्या पुढे तापला तर फुटू शकतो. मारताना बिडी-सिगारेट नको, वारा पाठीशी ठेवा, डोळ्यांवर चष्मा लावा. मुलाने चुकून गिळले तर उलटी करवू नका, द्रावक फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. डबा बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा. रिकामा डबा जाळू किंवा टोचू नका.