मुद्राचित्रणातून ‘मी’ उमटवताना

मुद्राचित्रण, म्हणजे ठसा घडवून त्यावरून कागदावर चित्र छापण्याची कला, शिकायला येणाऱ्या अनेक जणी स्त्रीची ओळख हा विषय मनात पक्का करूनच येतात, आणि मग पहिल्याच ठशावर पिंजरा, साखळी, अर्धा झाकलेला चेहरा अशी ठरावीक प्रतीके कोरली जातात. इतक्या वर्षांच्या कामानंतर माझे मत असे झाले आहे, की प्रतीके शोधण्याआधी तंत्राचा स्वभाव ओळखावा. बरेचसे म्हणणे त्यातूनच सापडते.

सुरुवात लिनोकटमधील, म्हणजे लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर कोरून छापलेल्या, आत्मचित्राने करावी. आरशात पाहून केलेले रेखाटन सरळ लिनोवर उतरवून कोरले, की छपाईत ते उलटते; भांग दुसऱ्या बाजूला जातो, गालावरचा तीळ जागा बदलतो आणि कागदावर जो चेहरा येतो, तो आपल्याला रोज दिसणारा नसून इतरांना दिसणारा असतो. हा परकेपणा कोणत्याही प्रतीकापेक्षा अधिक बोलका आहे, असे मला वाटते.

अमेरिकी मुद्राचित्रकार एलिझाबेथ कॅटलेट यांनी १९४६-४७ मध्ये मेक्सिकोत कृष्णवर्णीय स्त्रियांवर केलेली १५ लिनोकटची मालिका अवश्य अभ्यासावी, कारण तिच्या शीर्षकांत ‘ती’ नसून ‘मी’ बोलते. क्यूबाच्या बेल्किस आयोन यांनी पुठ्ठ्याचे तुकडे चिकटवून घडवलेल्या कोलोग्राफमध्ये केवळ पुरुषांना प्रवेश असलेल्या एका पंथाची पुराणकथा घेतली आणि तिच्यातल्या स्त्रीला मध्यभागी आणले. त्यांच्या आकृतींना टक लावून पाहणारे डोळे आहेत, तोंड मात्र नाही.

ड्रायपॉइंटमध्ये धातूच्या पत्र्यावर सुईने थेट ओरखडताना रेषेच्या कडेला धातूची बारीक किनार वर येते. तिच्यात शाई अडकून रेषा मखमली दिसते, पण प्रेसच्या दाबाखाली ही किनार लवकर झिजते, त्यामुळे चांगल्या प्रती थोड्याच निघतात. वय, आजारपण किंवा पुसट होत गेलेली आठवण यांसाठी हे तंत्र मला जवळचे वाटते. एचिंगकडे नंतर वळावे. तेथे पत्र्यावरच्या रेषा आम्लाने कोरल्या जातात, म्हणून हातमोजे आणि खेळती हवा यांबाबत तडजोड नको.

कामाच्या प्रत्येक टप्प्यावरची चाचणी प्रत तारीख घालून जपून ठेवावी, कारण कोरलेले परत भरून येत नाही आणि आपण काय काय वगळत गेलो, हे त्या प्रतींवरूनच कळते. अंतिम प्रतींवर पेन्सिलीने ३/१० (दहांपैकी तिसरी प्रत) असा क्रमांक आणि सही करतात. सही लग्नाआधीच्या नावाने करायची, नंतरच्या की नुसत्या पहिल्या नावाने, हे मात्र पहिली प्रत छापण्यापूर्वीच ठरवावे, म्हणजे संपूर्ण आवृत्तीवर एकच नाव राहील.