प्लेऑफआधी ऑफेन्सिव्ह लाइन कशी पारखायची

पॅट्रिक माहोम्सचे पाय जमिनीवरून सुटलेत, अंग हवेत जवळजवळ आडवं झालंय, आणि तशातही त्याने फेकलेला चेंडू एंड झोनमधल्या (मैदानाच्या टोकाची गुण मिळवायची पट्टी) सहकाऱ्याच्या हेल्मेटच्या जाळीवर जाऊन आपटतो. ७ फेब्रुवारी २०२१, टँपा, ५५ वा सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगचा अंतिम सामना. आपल्याकडे तेव्हा सोमवारची सकाळ होती. तो थ्रो मी वीसेक वेळा तरी पाहिला असेल. सुरुवातीला प्रत्येक वेळी नजर माहोम्सवरच असायची. मग कधीतरी त्याला राखणाऱ्या पुढच्या पाच जणांकडे, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइनकडे, लक्ष गेलं आणि सामना कुठे हातचा गेला ते कळलं.

कॅन्सस सिटी चीफ्स तो सामना टँपा बे बकनिअर्सकडून ३१-९ असा हरले. माहोम्ससारखा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) असून एकही टचडाउन नाही, म्हणजे चेंडू एकदाही एंड झोनमध्ये नेता आला नाही. कारण त्यांचे दोन्ही नेहमीचे टॅकल, म्हणजे लाइनच्या दोन टोकांचे खेळाडू, जायबंदी होते. डावा टॅकल एरिक फिशरच्या पायाचं अकिलीस टेंडन दोनच आठवड्यांपूर्वी तुटलं होतं आणि उजवा टॅकल मिचेल श्वार्ट्झ पाठीच्या दुखण्यामुळे बाहेर होता. मग उजवीकडचा माइक रेमर्स डावीकडे गेला आणि टॅकलच्या आतल्या, गार्डच्या जागेवरचा अँड्र्यू वायली उजव्या टॅकलला आला. त्या दिवशी माहोम्सवर २९ वेळा दबाव आला. सुपर बोलमध्ये तोवर कुठल्याही क्वार्टरबॅकवर एवढा आला नव्हता.

दर जानेवारीत प्लेऑफचे, म्हणजे बाद फेरीचे, १४ संघ ठरले की गप्पा रंगतात त्या क्वार्टरबॅकच्या. न्यू जर्सीतला चुलतभाऊ असो की पुण्यात रात्र जागवणारा मित्र, विचारणार एकच: यंदा माहोम्स की बफेलोचा जॉश अ‍ॅलन? मी मात्र आता दर वर्षी पहिल्या फेरीआधीच्या आठवड्यात वही घेऊन बसतो आणि प्रत्येक संघाच्या पाच लाइनमनची पारख करतो. ती कशी करायची, ते इथे सांगतो.

पाच जागा आणि पाच वेगळी कामं

स्नॅपच्या वेळी, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळ सुरू होताना, चेंडू ज्याच्या हातात असतो तो सेंटर. त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि गार्डच्या बाहेर टॅकल. टॅकलची गाठ कडेने धावत येणाऱ्या चपळ माणसांशी, गार्डची मधल्या अवजड माणसांशी. सेंटर चेंडू मागे देतो आणि त्याआधी समोरच्या बचावाची मांडणी वाचून कोणी कोणाला धरायचं ते शेजाऱ्यांना सांगतो. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डाव्या टॅकलकडे असते, म्हणून त्या जागेचा एवढा बोलबाला. पण हल्ली बचावाचे प्रशिक्षक आपला सर्वात घातक माणूस जिथे कच्चा दुवा दिसेल तिथे नेऊन उभा करतात. त्यामुळे नुसता डावा टॅकल बघून भागत नाही.

कोण उभं राहणार आणि कोणाच्या शेजारी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. वहीत पाच रकाने आखा आणि नावं लिहा. मोसमाच्या सुरुवातीची नाहीत, या आठवड्यात खेळणार आहेत ती.

त्यासाठी दुखापतींचा अहवाल बघायचा. रविवारचा सामना असेल तर संघ बुधवार, गुरुवार आणि शुक्रवारी कोणी पूर्ण सराव केला, कोणी अर्धवट केला आणि कोण मैदानात उतरलाच नाही ते जाहीर करतात. मग सामन्यासाठी शेरा येतो: क्वेश्चनेबल (खेळेल की नाही सांगता येत नाही), डाउटफुल (बहुधा नाही) किंवा आउट (नक्की नाही). बुधवारी सराव न केलेला जुना जाणता खेळाडू बऱ्याचदा फक्त विश्रांती घेत असतो, तसं अहवालात लिहिलेलंही असतं. बुधवारी अर्धवट सराव केलेला माणूस शुक्रवारी मैदानातच दिसला नाही, तर मात्र त्याच्या नावाभोवती लाल वर्तुळ काढा. दुखणं चिघळतंय.

आता प्रत्येक नावाखाली लिहा की हा माणूस या जागेवर, याच शेजाऱ्याबरोबर, किती सामने खेळलाय. पाच आकडे येतील. माझ्या अनुभवात इतर कुठल्याही आकड्यापेक्षा हे पाच आकडे जास्त खरं बोलतात.

याचं उदाहरण पुन्हा चीफ्सचंच. २०२१ च्या फजितीनंतर त्यांनी अख्खी लाइन नव्याने बांधली. जो थूनीला करारावर घेतलं, ऑर्लँडो ब्राउन ज्युनियरला बाल्टिमोरकडून आणलं, आणि ड्राफ्टमधून, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून, दुसऱ्या फेरीत सेंटर क्रीड हम्फ्री आणि सहाव्या फेरीत गार्ड ट्रे स्मिथ उचलला. फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये समोर फिलाडेल्फिया ईगल्स होते, ज्यांनी नियमित मोसमात तब्बल ७० सॅक केले होते, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडलं होतं. त्या सामन्यात माहोम्स एकदाही सॅक झाला नाही आणि चीफ्स ३८-३५ जिंकले.

पुढे २०२४ च्या मोसमात डाव्या टॅकलची जागा काही केल्या स्थिरावेना. एकामागून एक माणसं बदलून पाहिली आणि शेवटी डिसेंबरमध्ये थूनीलाच गार्डवरून तिकडे नेलं. थूनी त्या वर्षीचा ऑल-प्रो, म्हणजे लीगमधला सर्वोत्तम ठरवलेला, लेफ्ट गार्ड. म्हणजे एक खड्डा बुजवायला दुसरा खणला, कारण गार्डला आता माइक कॅलिएंडो उभा राहिला. तरी संघ जिंकत राहिला आणि १५ विजय, २ पराभव अशा कामगिरीने प्लेऑफमध्ये आला, म्हणून ती गोष्ट फारशी कोणी मनावर घेतली नाही. ९ फेब्रुवारी २०२५ ला न्यू ऑर्लिन्समध्ये पुन्हा ईगल्स समोर आले. ईगल्सनी पूर्ण सामन्यात एकदाही ब्लिट्झ केला नाही. जादा माणूस न पाठवता, पुढच्या चौघांच्याच बळावर त्यांनी माहोम्सला सहा वेळा सॅक केलं. मध्यंतराला २४-०, शेवटी ४०-२२.

तेव्हा वहीत एखाद्या जागी बदली माणूस दिसला की लगेच पुढचा प्रश्न विचारा: त्याच्यासाठी आणखी कोणाला हलवलंय का? एक जागा बदलली तर एक नवा माणूस येतो. पण सरकवासरकव केली की दोन-तीन जोड्या एकदम नवख्या होतात.

कुठले सामने बघायचे

शेवटच्या आठवड्याचा सामना पुष्कळदा फसवा असतो. जागा पक्की झालेले संघ मुख्य खेळाडूंना बसवतात. चीफ्सच्या २०२४ मधल्या दोन पराभवांतला दुसरा असाच होता, राखीव खेळाडू उतरवून डेन्व्हरकडून ३८-० असा. त्यावरून काहीही ठरवू नका.

तीन सामने निवडा. सध्याचे पाच जण एकत्र आल्यानंतरचा एक, बचावाची पुढची फळी तगडी असलेल्या संघाविरुद्धचा एक आणि परक्या मैदानावरचा एक. वेळ कमी असेल तर अख्खा सामना बघायची गरज नाही. दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाउन म्हणतात; तिसऱ्या डाउनला सात किंवा जास्त यार्ड हवे असतील, तेवढेच खेळ बघा. तिथे पास येणार हे सगळ्या स्टेडियमला माहीत असतं, लाइनमनला लपायला जागा नसते. पहिल्या डाउनला धावण्याची हूल देऊन केलेल्या पासवर साधारण लाइनसुद्धा चांगली दिसते.

सोय असेल तर मैदानातले सगळे २२ खेळाडू दाखवणारं चित्रण बघा. त्यातही एंड झोनच्या मागून घेतलेला कोन लाइनसाठी सोन्यासारखा, कारण पाच जणांमधली अंतरं त्यातूनच दिसतात. टीव्हीवर बाजूने बघताना सगळे एकावर एक येतात.

एक स्नॅप, एक माणूस

चेंडूकडे अजिबात बघायचं नाही. पहिले काही दिवस हे जमत नाही, मान आपोआप वळते. मी टीव्हीच्या पडद्यावर हात आडवा धरायचो.

डावा टॅकल घ्या. स्नॅप झाला की त्याचा बाहेरचा पाय मागे जातो आणि आतला त्यामागे घसटत येतो. ही मागे सरकण्याची चाल चांगल्या टॅकलची इतकी शांत असते की खांदे वर-खाली होत नाहीत. गुडघे वाकलेले, पाठ ताठ, डोकं मागे. कमरेतून वाकून पुढे झेपावला की समजा संपलं, समोरचा त्याचा हात झटकून निघून जातो. तालमीत ज्याने पैलवानाला जोर करताना पाहिलंय, त्याला हे वेगळं सांगायला नको. बूड खाली असलेल्याला हलवता येत नाही.

मग हात बघा. त्याचे पंजे समोरच्याच्या छातीवर बसले की खांद्यांच्या बाहेर गेले? बाहेर गेले तर धरपकड होणार, आणि होल्डिंगच्या शिट्टीला दहा यार्डांचा दंड असतो. समोरच्याने थेट छातीवर रेटा दिला, तर हा दोन पावलं मागे जाऊन टाच रोवतो की क्वार्टरबॅकच्या मांडीवर जाऊन बसतो? ईगल्सचा जॉर्डन मायलाटा हे रोवणं शिकायला उत्तम. ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळणारा हा माणूस अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न खेळता २०१८ च्या ड्राफ्टमध्ये सातव्या फेरीत निवडला गेला. सहा फूट आठ इंच उंचीचा तो देह समोरच्याचा रेटा पोटात घेतो आणि तिथेच थांबवतो. त्याचे जुने खेळ आणि आताचे खेळ शेजारी ठेवून बघा, पायांची शिस्त मेहनतीने कशी येते ते दिसेल.

प्रत्येक खेळाला एक खूण करा: टिकला, हरला किंवा मदत मिळाली. तिसरी खूण विसरू नका. टाइट एंड (लाइनच्या कडेला उभा राहून पासही घेणारा) किंवा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) जाता जाता कडेच्या बचावपटूला धक्का देऊन जातो, त्याने टॅकलचं काम हलकं होतं. पण तेवढा वेळ तो माणूस पास घ्यायला मोकळा नसतो. टॅकलला वारंवार अशी टेकू लागत असेल, तर ती किंमत सगळं आक्रमण मोजतं.

अदलाबदल झाली की काय होतं

दोन शेजाऱ्यांची परीक्षा स्टंटवर होते. समोरचा आतला बचावपटू बाहेर टॅकलच्या अंगावर धडकतो आणि बाहेरचा त्याच्या मागून वळून आतल्या फटीत घुसतो. गार्डने आपला माणूस टॅकलच्या हवाली करून क्षणभर जागेवर थांबायचं असतं, येणाऱ्याची वाट बघत. दोघेही पहिल्याच माणसामागे गेले की मधे खिंडार. बोलायला वेळ नसतो, एकमेकांची सवयच कामी येते. तुमच्या तीन सामन्यांत असे खेळ शोधा आणि हवाली करणं सहज झालं की गोंधळ उडाला ते टिपा. नवख्या जोडीची उणीव पहिल्यांदा इथे उघडी पडते.

धावण्याचं थोडक्यात: रनिंग बॅकला पहिला हात लागायच्या आधी तो किती पुढे गेला ते बघा. २०२४ मध्ये ईगल्सचा रनिंग बॅक सॅक्वॉन बार्कलीने नियमित मोसमात २,००५ यार्ड काढले. तो महान धावपटू आहेच, पण कितीतरी खेळांत त्याच्या पुढ्यात रस्ता उघडा पडलेला दिसतो.

आकडे

निव्वळ सॅकच्या आकड्यावर जाऊ नका. ज्या सामन्याने सुरुवात केली त्यात माहोम्स फक्त तीनदा सॅक झाला होता, दबाव मात्र २९ वेळा. त्याच्या पायांनी लाइनची अब्रू झाकली. याउलट क्वार्टरबॅक चेंडू हातात धरून उभाच राहिला, तर चांगल्या लाइनच्या नावावरही सॅक लागतात. म्हणून दबावाचा आकडा आणि चेंडू सोडायला लागणारा वेळ शेजारी ठेवून वाचा. ईएसपीएनचा एक आकडा लाइनमनने अडीच सेकंद आपला माणूस रोखला का ते मोजतो. लाइनचा दोष आणि क्वार्टरबॅकचा दोष वेगळा करायला तो बरा पडतो.

आणि कच्ची लाइन म्हणजे पराभव असं सरळ गणित मांडू नका. जानेवारी २०२२ मध्ये टेनेसीने सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक जो बरोला नऊ वेळा सॅक केलं आणि तरीही सिनसिनाटी १९-१६ जिंकलं. पण त्याच प्लेऑफमध्ये पुढे सुपर बोलला रॅम्सनी त्याला सात वेळा पाडलं आणि तो सामना तीन गुणांनी गेला.

समोर कोण आणि मैदान कुठलं

आता वहीतल्या लाल वर्तुळासमोर प्रतिस्पर्ध्याच्या बचावातला सर्वात चांगला माणूस लिहा. तो कडेने येतो आणि तुमचं वर्तुळ गार्डवर असेल, तर धोका तितका नाही. पण तो मध्येही खेळत असेल, तर प्रशिक्षक त्याला तिथेच आणणार हे धरून चाला.

परक्या मैदानावर गोंगाटात क्वार्टरबॅकचा आवाज ऐकू येत नाही. अशा वेळी गार्ड मागे वळून क्वार्टरबॅककडे बघतो, सेंटरला हाताने टपली मारतो, सेंटर डोकं हलवतो आणि ठरलेल्या मोजणीवर स्नॅप होतो. बचावपटू ती मोजणी ओळखू लागले की ते स्नॅपबरोबरच उडी घेतात आणि बिचारा टॅकल अर्धं पाऊल मागे पडतो. परक्या मैदानावरच्या सामन्यात फॉल्स स्टार्टचे (स्नॅपआधीच आक्रमकाने हलण्याच्या चुकीचे) पाच-पाच यार्ड किती वेळा गेले, तेही मोजून ठेवा.

सामन्याआधी दीड तास

किक-ऑफच्या ९० मिनिटं आधी कोण खेळणार नाही त्याची यादी येते. अमेरिकेत पूर्वेकडे रविवारी दुपारी एकचा सामना म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा, तेव्हा दहा वाजता जेवणं आटोपून वही उघडा. सामन्याला निदान आठ लाइनमन तयार ठेवले तर संघाला ४७ ऐवजी ४८ खेळाडू उतरवता येतात, म्हणून बहुधा पाच उभे आणि तीन राखीव असतात. त्या तिघांत दोन्ही बाजूंना टॅकल खेळू शकेल असा एक तरी आहे का, ते बघा. मग पहिल्या स्नॅपला मैदानात उभ्या राहिलेल्या पाच जणांच्या पाठीवरचे नंबर वहीतल्या नावांशी ताडून घ्या, डावीकडून उजवीकडे.