शनिवारवाड्याचा तट कसा पाहावा

पुण्याचा माणूस आयुष्यभर शनिवारवाड्यावरून ये-जा करतो आणि परगावचे पाहुणे आले की त्यांना आत फिरवूनही आणतो, पण तट निरखण्यासाठी म्हणून तो क्वचितच थांबतो. ज्याला तट पाहायचा आहे त्याने आतली जोती, कारंजे आणि भुताच्या गोष्टी थोडा वेळ बाजूला ठेवाव्यात आणि बांधकामाच्या प्रत्येक भागापुढे उभे राहून एकच प्रश्न विचारावा: हे कोणाला अडवण्यासाठी बांधले आणि किती वेळ अडवू शकले असते?

सुरुवात मात्र वाड्यापासून करू नये, कसब्यापासून करावी. मुठेच्या काठाला पुण्याचा जुना कोट होता. आज तो दिसत नाही, पण कुंभारवेस हे नाव टिकून आहे आणि जिथे वेस होती तिथे गावात शिरणारी वाट दारातून जात होती, एवढे ते नाव सांगते. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने कोटासह पुणे उद्ध्वस्त केले आणि त्यावर गाढवांचा नांगर फिरवला, असे सांगतात. शहरातला कोट शत्रू आधी का पाडतो, हे यावरून कळते: कोट उभा असेपर्यंत गाव जिंकले असे म्हणता येत नाही.

तेथून लाल महालापाशी यावे. आजची इमारत अलीकडची आहे, त्यामुळे येथे भिंती न पाहता जागा पाहावी. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शायिस्ताखानाभोवती प्रचंड छावणी असूनही शिवाजी महाराज निवडक माणसांनिशी थेट त्याच्या शयनगृहापर्यंत पोहोचले. भोवती फौज असणे वेगळे आणि भोवती कोट असणे वेगळे.

आता शनिवारवाडा. पहिल्या बाजीराव पेशव्यांनी १० जानेवारी १७३० रोजी पायाभरणी केली आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. दोन्ही दिवस शनिवार होते. तिकीट काढण्याआधी बाहेरून पूर्ण प्रदक्षिणा घालावी. तट खाली दगडाचा आणि वर विटांचा आहे. दगडी कोट बांधण्याचा मान छत्रपतींचा, म्हणून शाहू महाराजांच्या नाराजीमुळे वरचे काम विटांत झाले, अशी आख्यायिका पुण्यात सर्वतोमुखी आहे. बुरूज नऊ आहेत. बुरूज तटाच्या पुढे का आलेला असतो, हे समजून घेण्यासाठी तटाच्या पायथ्याला पाठ टेकवून वर पाहावे: तटावरचा शिपाई आपल्याला दिसत नाही आणि आपण त्याला दिसत नाही, पण शेजारच्या बुरुजावरचा माणूस आपल्याला कुशीतून सहज टिपू शकतो.

दिल्ली दरवाजापाशी मात्र घाई करू नये. माझ्या मते अर्धा वेळ येथेच द्यावा. पाच दरवाजांपैकी हा सर्वांत मोठा, उत्तरेकडे तोंड असलेला. प्रत्येक फळीवर बहात्तर अणकुचीदार खिळे आहेत आणि ते साधारण लढाऊ हत्तीच्या गंडस्थळाच्या उंचीवर आहेत, कारण दार फोडायला हत्ती कपाळानेच धडक देतो. उजव्या फळीत लहानशी दिंडी आहे. मोठे दार बंद असताना रोजची ये-जा तिच्यातून होई. दिंडीतून आत जाणाऱ्याला आधी एक पाय उंबऱ्यापलीकडे टाकावा लागतो आणि त्याच वेळी मान खाली घालावी लागते; म्हणजे आत पहारेकऱ्यासमोर प्रथम येते ती वाकलेली मान. अशाच एका दिंडीत मान वाकवायला विसरल्याने माझ्या कपाळाला टेंगूळ आले होते, आणि तो धडा कोणत्याही पुस्तकापेक्षा पक्का बसला. दार फुटलेच, तरी वाट सरळ आत जात नाही. आधी उजवीकडे आणि लगेच डावीकडे वळावे लागते. वळणावर धावत्या जमावाचा वेग तुटतो, मागचे पुढच्यांवर आदळतात, आणि तेवढ्यात वरच्यांना वेळ मिळतो. मग जिन्याने नगारखान्यावर आणि फांजीवर, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या वाटेवर जावे, जंग्यांतून, म्हणजे मारा करण्यासाठी तटात ठेवलेल्या भोकांतून बाहेर डोकवावे, आणि त्यांतून जमिनीचा कोणता भाग दिसतो हे स्वतः तपासावे.

इतके पाहून झाल्यावर मूळ प्रश्नाकडे यावे. हा कोट दीर्घ वेढ्यासाठी नव्हता, असे माझे मत आहे. पेशवाईत पेठा वाढत गेल्या, पण शहराभोवती अखंड तट उभा राहिला नाही. नानासाहेबांच्या काळात वाड्यापर्यंत कात्रजच्या तलावाचे पाणी नळातून आणले गेले, आणि मैलोन्‌मैल लांबून येणारे पाणी वेढा घालणारा पहिल्याच दिवशी तोडतो. १७६३ मध्ये निजामाच्या फौजेने पुणे लुटले व जाळले, तेव्हा पेशव्यांच्या कुटुंबाने आसरा घेतला तो सिंहगडाचा. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला विजय मिळवल्यावर दुसऱ्या बाजीरावांनीही शहर सोडले. वाड्यात कोंडून घेऊन लढणे त्यांनी पत्करले नाही. नोव्हेंबर १८१७ मध्ये वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले तेही बुरूज न ढासळता. मग तट कशासाठी? खजिना, दफ्तर आणि धन्याचे घर दंग्यापासून, अचानक छाप्यापासून आणि खुद्द शहरातल्या गर्दीपासून राखण्यासाठी. ३० ऑगस्ट १७७३ रोजी मात्र नारायणरावांवर चाल करून आले ते चाकरीतले गारदी, म्हणजे पगारी शिपाई. धोका आतलाच असल्यावर दारावरचे खिळे काय कामाचे!

वेढा सोसणारा भुईकोट, म्हणजे सपाट जमिनीवरचा किल्ला पाहायचा असेल तर पुढच्या रविवारी चाकणचा संग्रामदुर्ग गाठावा. पुण्याहून तो सुमारे तीस किलोमीटरवर आहे. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी तो शायिस्ताखानाच्या अफाट फौजेपुढे जवळपास दोन महिने झुंजवला, आणि अखेर मोगलांनी भुयार खणून सुरुंगाने बुरूज उडवला तेव्हाच तो पडला. तेथे अवशेष थोडेच आहेत. पावसाळ्यानंतर लगेच न जाता गवत वाळल्यावर जावे, म्हणजे खंदकाची रेषा आणि तटाचा पाया दोन्ही नीट ओळखता येतात.