पिंजऱ्यातील बजरीगरच्या पायांची निगा

बाजारात 'लव्हबर्ड' या नावाने विकले जाणारे पक्षी बहुतेक वेळा मूळचे ऑस्ट्रेलियातील बजरीगर असतात. मोकळ्या माळरानावर हा पक्षी दिवसाचा मोठा भाग उडण्यात आणि जमिनीवरच्या बिया टिपण्यात घालवतो. पिंजऱ्यात मात्र तो खातो, पिसे साफ करतो आणि झोपतो, ते सारे एकाच दांडीवर उभा राहून. त्यामुळे तळव्यांना विसावा असा मिळतच नाही. त्याच्या पायांची बरीचशी दुखणी येथूनच सुरू होतात.

निरोगी तळव्यावर बारीक खवल्यांची दाणेदार नक्षी दिसते. ही नक्षी पुसट होऊन कातडी गुळगुळीत, चकचकीत आणि लालसर दिसू लागली, की दुखण्याची सुरुवात झाली असे समजावे. पुढे तेथे काळपट खपली धरते, भेगेतून जंतू आत शिरतात, तळवा सुजतो आणि वेळीच उपचार न झाल्यास संसर्ग स्नायुबंध व हाडापर्यंत पोहोचतो. या विकाराला 'बंबलफूट' म्हणतात. लालसरपणाच्या टप्प्यावर तो घरच्या घरी आटोक्यात येऊ शकतो, म्हणून दर आठवड्याला तळवे पाहण्याची सवय ठेवावी. त्यासाठी पक्ष्याला पकडावे लागत नाही; तो पिंजऱ्याच्या जाळीवर चढला, की बाहेरून तळव्यांचे छायाचित्र घ्यावे आणि ते मागच्या आठवड्याच्या छायाचित्राशी ताडून पाहावे.

सर्वांत आधी दांडी बदलावी. पोपटाच्या कुळातील पक्ष्यांची दोन बोटे पुढे आणि दोन मागे असतात. पिंजऱ्याबरोबर मिळणारी प्लॅस्टिकची किंवा लाकडाची गोल दांडी सगळीकडे सारख्याच जाडीची असल्याने पक्ष्याचा भार तळव्याच्या त्याच त्या ठिकाणी पडत राहतो. तिच्याऐवजी पेरूच्या किंवा कडुलिंबाच्या, सालीसकट, एक ते दोन सेंटिमीटर जाडीच्या वेड्यावाकड्या फांद्या लावाव्यात. बोटांनी फांदीचा बराचसा घेर व्यापावा, पण पुढची व मागची बोटे एकमेकांना टेकू नयेत. ज्या झाडावर कीटकनाशक फवारलेले नाही त्याचीच फांदी घ्यावी, ती घासून धुवावी आणि कडक उन्हात पूर्ण वाळवावी. कण्हेर विषारी असल्याने तिची फांदी कधीही वापरू नये. एखादी सपाट फळीही बसवावी, म्हणजे बोटे न आवळता पक्ष्याला उभे राहता येते. नख्या झिजाव्यात म्हणून विकली जाणारी सँडपेपरची वेष्टने मी पूर्णपणे टाळण्यास सांगेन, कारण त्यांनी नख्या फारशा झिजत नाहीत, तळवे मात्र सोलवटतात.

दुसरे कारण आहारात असते. केवळ राळ्यावर वाढलेल्या पक्ष्याला 'अ' जीवनसत्त्व कमी पडते आणि कातडी दुबळी होते; त्यातच तो लठ्ठ असेल, तर तळव्यांवरचा भार आणखी वाढतो. किसलेले गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला आणि कोथिंबीर रोज थोडी थोडी द्यावी. नवे अन्न स्वीकारायला बजरीगर काही आठवडेही घेतो, तेव्हा धीर सोडू नये, आणि तो नवे अन्न खाऊ लागेपर्यंत बिया एकदम बंद करू नयेत.

तळवा केवळ लाल असेल, तर कोमट पाण्यात पाय काही मिनिटे बुडवून टिपून कोरडा करावा. पक्ष्याला धरताना छातीवर दाब देऊ नये. श्वास घेण्यासाठी त्याची छाती हलती राहावी लागते. हळद आणि खोबरेल तेलाचा लेप मायेपोटी लावला जातो, परंतु तेल पिसांना लागले, की ती चिकटतात आणि शरीराची ऊब टिकत नाही. माणसांसाठीची स्टेरॉइडयुक्त मलमे तर पक्ष्यांना घातक ठरू शकतात. खपली, सूज किंवा जखम दिसल्यास पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांकडेच जावे. खपली स्वतः ओढून काढू नये.

पायाचे प्रत्येक दुखणे तळव्यातलेच असते असे नाही. पायांवर आणि चोचीच्या मुळाशी पांढुरकी, सच्छिद्र पुटे चढत असतील, तर ती बहुधा माइट्स या सूक्ष्म परजीवी किड्यांमुळे असतात आणि वजनानुसार दिलेल्या औषधाने बरी होतात. सांध्यांवर पांढरट गाठी दिसल्या, तर मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी, कारण युरिक आम्ल तेथे साचलेले असू शकते. जखम नसताना बजरीगर एका पायाने लंगडत असेल, तर पोटातील गाठीचा दाब त्या पायाच्या मज्जातंतूवर येत असण्याची शक्यता असते. या लंगडण्याकडे 'मुरगळला असेल' म्हणून दुर्लक्ष होते, आणि तेच मला सर्वाधिक काळजीचे वाटते. बोटाभोवती दोरा आवळला असेल किंवा पायातली कडी रुतून सूज आली असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे.

नखी कापताना रक्त आल्यास कॉर्नफ्लोअर दाबून धरावे. जेमतेम पस्तीस ग्रॅमच्या या जिवाच्या अंगात साधारण साडेतीन मिलिलिटरच रक्त असते, त्यामुळे रक्त थांबत नसेल तर वाट पाहू नये.

उपचार चालू असताना दांड्या खाली, अन्नपाणी हाताशी आणि तळाशी रोज बदलायचा मऊ, साधा कागद ठेवावा. सुटे धागे असलेले कापड अंथरू नये.