पाडवा झाला म्हणून कोट बांधून ठेवू नका

जूनमध्ये मी माहेरी, नारायण पेठेत आले की ऑगस्टमध्ये शिकायला अमेरिकेत मिनियापोलिसला निघणारी दोन-चार मुलं आईबाबांना घेऊन भेटायला येतात. पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, थंडी किती असते हो?" त्यामागून काकूंचा दुसरा: "तुळशीबागेतून थर्मल घेऊन ठेवू का?"

काकू, नका घेऊ. पुण्यातलं जाडजूड जाकीट मिनियापोलिसला फार तर ऑक्टोबर काढतं. खरा कोट आणि बूट तिथेच घ्या, जुन्या कपड्यांच्या दुकानात स्वस्तात मिळतात. आत सुती बनियन नको, घामाने ओली झाली की वाळत नाही आणि अंग गार पडतं.

थंडीबद्दल सगळे सांगतात, अंधाराबद्दल कोणी बोलत नाही. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो. लॅबमधून पाचला बाहेर पडलं तर मिट्ट काळोख. पहिल्या वर्षी मला वाटायचं, आपलंच काहीतरी बिघडलंय. बिघडलेलं काही नसतं. दुपारी जेवण झालं की पंधरा मिनिटं उजेडात चालून या, उणे दहा असलं तरी. आणि तरीही मन उठत नसेल तर विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता वसंताकडे येते, कारण माझी फजिती तिथेच झाली. आपल्याकडे वसंत हा शाळेच्या पुस्तकातला शब्द. पाडव्याला कडुलिंब खायचा आणि दुसऱ्या दिवसापासून पंखा चारवर. मी 2017च्या ऑगस्टमध्ये गेले. 2018चा पाडवा 18 मार्चला होता. तो झाला तसा मी कोट धुतला, पिशवीत बांधला आणि मैत्रिणीच्या तळघरात ठेवून आले. एप्रिलच्या मध्यावर तीन दिवस वादळ झालं, पंधरा इंच बर्फ पडला. पुण्यात आई गच्चीवर सांडगे वाळवत होती आणि मी दोन स्वेटरांवर रेनकोट घालून बसस्टॉपवर कुडकुडत होते. तेव्हा कोट मेपर्यंत दाराशीच असू द्या.

तिथला वसंत एक पाऊल पुढे, दोन मागे असा येतो. तो ओळखायचा कसा? आधी घड्याळ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात आणि पुण्याशी साडेअकरा तासांचं अंतर साडेदहावर येतं. म्हणजे रात्री साडेनऊचा तुमचा नेहमीचा फोन आता सकाळी नऊऐवजी आठला वाजणार, ऐन कुकरच्या वेळी. घरी आधी सांगून ठेवा.

मग खड्डे. भेगांत शिरलेलं पाणी गोठून फुगतं, वितळतं, पुन्हा गोठतं आणि डांबर उखडतं. सिंहगड रस्त्याची आठवण येऊन तुम्हाला घरच्यासारखं वाटेल. पार्किंगच्या कडेचे काळेकुट्ट बर्फाचे ढीग मात्र एप्रिल आला तरी हलत नाहीत, आणि त्यांच्याखालून हिवाळाभराचा कचरा वर येतो. पहिल्या पावसाचा वास वगैरे विसरा. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, त्याचे बुटांवरचे पांढरे ओघळ व्हिनेगर घातलेल्या पाण्याने पुसा.

एक गोष्ट मात्र गंमत म्हणून घेऊ नका. जानेवारीत ज्या गोठलेल्या तळ्यावर लोक गाड्या नेऊन मासे धरत बसतात, त्याच्यावर मार्चमध्ये पाय ठेवायचा नाही. वरून तेच पांढरं दिसतं, खालून पोखरलेलं असतं.

आणि मग एखाद्या दिवशी पारा दहावर जातो. पुण्यात दहा म्हणजे कानटोपी, शेकोटी आणि पेपरात "पुणे गारठले". तिथे पोरं अर्ध्या चड्डीत हिरवळीवर लोळतात. पहिल्या वर्षी मी हसले. दुसऱ्या वर्षी मीही चपला घालून त्यांच्यात बसले.

त्या वादळानंतरच्या आठवड्यात एका सकाळी ठिपठिप आवाजाने जाग आली. अर्धवट झोपेत वाटलं जून लागला, वाड्याच्या पागोळ्या गळतायत. खिडकी उघडली तर छपराच्या कडेचा बर्फ वितळत होता, थेंबामागून थेंब, आणि त्यावर चक्क कोवळं ऊन. मी तिथूनच आईला फोन लावला आणि तो खिडकीबाहेर धरला. म्हटलं, "ऐक."

ती दोन क्षण थांबली. मग म्हणाली, "अगं, नळ बंद कर आधी. पाणी वाया चाललंय."