कॉलेज फुटबॉलचे वेळापत्रक जोखताना या चुका टाळा

हंगाम सुरू व्हायला तीन महिने असताना, मे महिन्यातच ‘आमच्या संघाचे वेळापत्रक देशात सर्वांत अवघड’ असे छातीठोकपणे सांगणारे नवखे प्रेक्षक दरवर्षी भेटतात. त्यांचा आधार बहुधा एकच असतो, तो म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या गेल्या वर्षीच्या विजयांची बेरीज. अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलमध्ये (म्हणजे विद्यापीठांच्या संघांच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये) इतका फसवा आकडा दुसरा नसेल, कारण इथे खेळाडू चार-पाच वर्षांत शिक्षण संपवून जातात आणि उरलेल्यांपैकी कित्येक जण ट्रान्सफर पोर्टलमधून (विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या नोंदणी यादीतून) एका हिवाळ्यात दुसरे विद्यापीठ गाठतात.

हे मी जेवणाचे बिल भरून शिकलो. 2024 च्या ऑगस्टमध्ये नोटर डेम विद्यापीठाच्या संघाचे बारा सामने पाहून मी मित्रांशी पैज लावली, की संघ एकदाच हरेल आणि तेही फ्लोरिडा स्टेटकडून, कारण त्या संघाने 2023 मध्ये पहिले तेराही सामने जिंकले होते. त्यांचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) जॉर्डन ट्रॅव्हिस आणि कियॉन कोलमन, जॅरेड व्हर्स हे खेळाडू एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये गेले, हे ठाऊक असूनही मी त्या आकड्याला भुललो. नेव्ही (2023 मध्ये 5-7, म्हणजे पाच विजय, सात पराभव) आणि आर्मी (6-6) या लष्करी अकादमींच्या संघांपुढे मी डोळे मिटून ‘सोपे’ लिहिले. प्रत्यक्षात फ्लोरिडा स्टेटचा संघ नोटर डेमकडून 52-3 असा हरला आणि त्याने हंगाम 2-10 वर संपवला. उलट नेव्ही 6-0 आणि आर्मी 9-0 अशा अपराजित स्थितीत समोर आले. नोटर डेमने दोघांनाही सहज हरवले, पण त्याचे श्रेय माझ्या अंदाजाला देता येत नाही.

नियमित हंगामात नोटर डेम खरोखर एकदाच हरले, मात्र नॉर्दर्न इलिनॉयकडून, स्वतःच्या मैदानावर, 16-14 असे. माझी दुसरी चूक इथे होती, कारण मी प्रतिस्पर्ध्यांची नावे वाचली, त्यांचा क्रम वाचला नाही. आधीच्याच शनिवारी नोटर डेमने टेक्सास ए अँड एमला त्यांच्या लाखभर प्रेक्षकांसमोर 23-13 असे नमवले होते. मोठ्या विजयानंतरचा असा ‘सोपा’ सामना मी आता मोकळ्या मनाने सोपा म्हणत नाही. त्याच्याशेजारी आधीचा प्रतिस्पर्धी, प्रवास आणि कोणाला सुट्टीचा आठवडा मिळाला आहे, हे लिहितो.

सरासरी काढून मोकळे होणाऱ्यांचाही मला कंटाळा आला आहे. समजा, एका वेळापत्रकात बाराही सामने जिंकण्याची शक्यता प्रत्येकी 90 टक्के आहे, तर दुसऱ्यात दहा सामन्यांत ती 98 टक्के आणि दोन सामन्यांत 50 टक्के आहे. दोन्हींत अपेक्षित विजय 10.8 असले, तरी अपराजित राहण्याची शक्यता पहिल्यात सुमारे 28 टक्के आणि दुसऱ्यात सुमारे 20 टक्के येते. त्यामुळे वेळापत्रक ‘अवघड’ ठरवण्यापूर्वी संघाला अपराजित राहायचे आहे की बाउल सामन्यासाठी (हंगामानंतरच्या खास सामन्यासाठी) लागणारे सहा विजय मिळवायचे आहेत, हे मी आधी विचारतो.

प्रवासाकडे दुर्लक्ष करू नका: सप्टेंबर 2024 मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचा संघ शुक्रवारी रात्री पूर्व किनाऱ्यावर रटगर्सकडून 21-18 असा हरला. वायोमिंगचे लॅरमीमधील मैदान 7,220 फूट उंचीवर आहे, हेही पाहुण्या संघाचा दम जाईपर्यंत कोणाला आठवत नाही.

मी आता वेळापत्रक पेन्सिलने लिहितो. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचा क्वार्टरबॅक कोण, हे सर्वांत आधी नोंदवतो, पहिल्या चार सामन्यांनाच खूण करतो आणि उरलेल्या आठांपुढचे प्रश्नचिन्ह सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत खोडत नाही.