ईएलसीबी सारखा पडतोय? या चुका टाळा

पावसाळा लागला की वायरमनकडे एक तक्रार हमखास येते: ‘ईएलसीबी सारखा पडतोय, काढूनच टाका.’ कृपा करून हे करू नका. डीबीत (घरातल्या मुख्य स्विचांच्या बॉक्समध्ये) आज जो बसतो तो आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती पकडणारा स्विच; जुन्या सवयीने त्याला ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का, एवढंच तो बघतो. फरक ३० मिलिअँपिअर झाला की ०.३ सेकंदाच्या आत सप्लाय तोडतो, यालाच ‘पडणं’ म्हणतात. ओल्या हाताने गिझरला शॉक बसला, तर जीव वाचवणारा तोच.

वायरिंगमधली सगळ्यात मोठी चूक न्यूट्रलची. दोन आरसीसीबी असतील तर दोघांच्या न्यूट्रल लिंक (न्यूट्रलच्या वायरी जोडायच्या पट्ट्या) वेगळ्या हव्यात. फेज एकाचा आणि न्यूट्रल दुसऱ्याचा झाला, की पंखा लावताच आरसीसीबी पडतो आणि दोष बिचाऱ्या पंख्याला लागतो. घरी इन्व्हर्टर बसवल्यानंतर हा त्रास सुरू झाला असेल, तर आधी त्याचा न्यूट्रल कुठे जोडलाय ते तपासून घ्या.

बिघाड शोधताना सगळे एमसीबी (एकेका सर्किटचे छोटे स्विच) खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चालू करत जा. ज्याच्यावर पडेल त्या सर्किटमधले प्लग काढून बघा. पहिला संशय गिझरच्या एलिमेंटवर, दुसरा गॅलरीतल्या भिजलेल्या दिव्यावर. सगळे एमसीबी खाली असूनही पडतोय? मग बहुधा न्यूट्रल कुठेतरी अर्थिंगला चिकटलाय. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. इथून पुढचं काम मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) असलेल्या वायरमनचं.

टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा, सप्लाय चालू असताना. नाही पडला, तर लगेच बदला. पण बटणावर पडला म्हणजे अर्थिंग चांगलं आहे, असं समजू नका. अर्थिंग नसलं तरी बटण काम करतं. आणि फेज-अर्थिंगमध्ये बल्ब लावून टेस्ट कुणालाही करू देऊ नका. अर्थिंगची वायर तुटलेली असली आणि आरसीसीबी पडला नाही, तर फ्रिज, वॉशिंग मशीन, सगळ्यांच्या बॉडीत करंट उतरेल.

वारंवार पडतो म्हणून ३० च्या जागी १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा बसवणारेही आहेत. पडणं थांबतं खरं, पण तो आगीपासूनच्या संरक्षणासाठी असतो, माणसाला शॉकपासून वाचवायला नाही.